खिमटाची वाटी



सप्टेंबर हा सरकारी कॅलेंडरात आता 'पोषण महिना' आहे. २०१८ साली ८ मार्चला, म्हणजे नेमक्या आपल्याच दिवशी, पोषण अभियान सुरू झालं आणि तेव्हापासून दर सप्टेंबरात अंगणवाड्यांमधून फेऱ्या, रांगोळ्या, शपथा आणि पाककृती स्पर्धा होतात. मागच्या खेपेला मलकापुरातल्या एका वस्तीवरच्या स्पर्धेत मी परीक्षक होते. कराडला लागून, आगाशिवाच्या डोंगराच्या पायथ्याशी, महामार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेलं हे मलकापूर. भाड्याच्या खोल्यांतून राहणारी, रोजच्या कामावर जाणारी कुटुंबं इथे पुष्कळ. विषय होता 'बाळाचा पहिला आहार'. बायांनी हौसेनं ताटं मांडली होती. नाचणीचं सत्त्व, मुगाचं खिमट, राजगिऱ्याची खीर, शेवग्याच्या पाल्याची पूड घातलेली भरड, भोवती झेंडूच्या पाकळ्या. पहिला नंबर आम्ही एका पंचविशीतल्या सुनेला दिला. मोड आणलेल्या नाचणीचं नि मुगाचं पीठ तिनं स्वतः केलं होतं आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं नेमकं उत्तर दिलं होतं.

बक्षिसाचा स्टीलचा डबा घ्यायला ती पुढे आली, तेव्हा दाराशी तिची सासू नातीला मांडीवर घेऊन बसली होती. नात नऊ महिन्यांची. आजी बशीतल्या चहात बिस्किट बुडवून तिला भरवत होती.

मी काय केलं ते सांगते, कारण या लेखाची सुरुवात तिथे आहे. मी माईक हातात घेतला आणि चहा-बिस्किटावर पाच मिनिटं बोलले. मैदा, साखर, तेल. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. बाळाचं पोट भरतं पण पोषण होत नाही. त्यातलं खोटं काहीच नव्हतं. आजीनं बशी पदराआड घेतली. सून मान खाली घालून उभी राहिली. सगळे पांगल्यावर ती डबा पोटाशी धरून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, मला समदं येतंय की. तुमीच न्हाई का नंबर दिला? पर करू कवा आन् भरवू कवा?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सोबत नेलेल्या तक्त्यावरही नव्हतं.

ही मुलगी महामार्गावरच्या एका हॉटेलात सकाळी दहा ते रात्री आठ भाकरी थापते आणि भांडी घासते. नवरा गॅरेजमध्ये. सासूचे गुडघे सुजलेले, ओट्यापुढे फार वेळ उभं राहवत नाही. बाळ तीन महिन्यांचं असताना ती कामावर परतली. २०१७ च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली हे तिच्या गावीही नाही, आणि असतं तरी उपयोग नव्हता, कारण कुठल्याच हजेरीपटावर तिचं नाव नाही. तिच्या लेखी रजा म्हणजे गेलेलं काम. स्पर्धेसाठीचं पीठ तिनं तीन रात्री जागून केलं होतं.

चोवीस तास नळाला पाणी देणारं छोटं गाव म्हणून मलकापूरचं नाव झालं. ते कौतुक खरंच आहे. अवेळी उठून पाणी भरणं म्हणजे काय, ते ज्या बाईनं केलंय तिलाच ठाऊक. बाळाच्या खाण्याशी तर पाण्याचा थेट संबंध. सहाव्या महिन्यानंतर बाळाला जुलाब लागतात त्यात घाण पाण्याचा आणि न धुतलेल्या हातांचा मोठा वाटा असतो. पण पाणी भरण्यातून जो वेळ वाचला तो बाईच्या हातात राहिला का? या मुलीचा तरी हॉटेलात गेला.

आता बाळाला नेमकं लागतं काय ते पाहू, म्हणजे वेळेचा हिशोब उघडा पडेल.

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, आणि सहा महिने पुरे झाले की दुधाच्या जोडीला घरचं अन्न. जागतिक आरोग्य परिषदेनं हे स्पष्टपणे सांगितलं २००१ साली. त्याआधीचा सल्ला चार ते सहा महिन्यांचा होता. तेव्हा 'आम्ही तर चवथ्या महिन्यातच चालू केलेलं' असं एखादी सासू म्हणाली तर ती अडाणी नसते. तिला तेव्हा नर्सबाईंनी तेच सांगितलेलं असतं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज दिवसाला साधारण २०० कॅलरी अन्नातून मिळाव्या लागतात, नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला ३००, आणि एक ते दोन वर्षांच्या मुलाला ५५०. पोट मात्र इवलंसं. म्हणून अन्न दाट हवं आणि थोडं थोडं, पुनःपुन्हा हवं.

इथेच आपल्या घराघरांतली जुनी चूक होते. बाळाला वरणाचं पाणी देतात, भाताची पेज देतात, वरची निवळ देतात. डाळ खाली राहते, ती मोठ्यांच्या ताटात जाते, आणि हळद-मिठाचं पाणी बाळाच्या पोटात. साधी खूण लक्षात ठेवावी: चमचा तिरपा केला तर अन्न ओघळून जाता कामा नये. खिमट म्हणजे तांदूळ आणि मूगडाळ धुऊन, वाळवून, भाजून काढलेली भरड. ती मऊ शिजवून वर चमचाभर तूप किंवा तेल घातलं की झालं. वर्षाच्या आत मिठाची गरज नाही. मध तर वर्षाच्या आत चाटवूच नये, सुईणीनं सांगितलं तरी नाही. त्यातल्या जंतूंनी तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

पण दाट अन्न बाळाला गिळवत नाही. नाचणीचं पीठ शिजवलं की फुगतं, पातळ करावं तर पाणी वाढतं आणि वाटीभर खाऊनही ऊर्जा थोडीच मिळते. यावरचा उपाय आपल्या आज्यांच्या हातात होता, तो म्हणजे मोड. नाचणी रात्रभर भिजवायची, ओल्या फडक्यात बांधून दीड-दोन दिवस ठेवायची, मोड आले की खडखडीत वाळवायची, मोड चोळून काढायचे, हलकी भाजून दळायची. धान्याला मोड येताना त्यातले पाचक रस पिठूळपणा फोडतात, त्यामुळे हे पीठ शिजवल्यावर फुगत नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यावर काम केलं. त्यांनी दाखवलेली गंमत घरी करून पाहण्यासारखी आहे. घट्ट लापशी चुलीवरून उतरवायची, थोडी निवू द्यायची, त्यात मोडाच्या गव्हाचं चमचाभर पीठ ढवळायचं. बघता बघता लापशी सैल होते, पाण्याचा थेंब न घालता. मग पुन्हा एक उकळी द्यायची. पीठ फार करपवून भाजलं तर मात्र हा गुण जातो. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे आणखी एक. सत्त्व वस्त्रगाळ करून चोथा फेकला की त्यातला काही भाग फडक्यावरच राहतो, म्हणून सहा महिन्यांपुढच्या बाळाला फार गाळत बसू नये.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं एक मिश्रण प्रसिद्ध आहे. भाजलेले गहू ४० ग्रॅम, भाजलेला हरभरा १६ ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे १० ग्रॅम, गूळ २० ग्रॅम. एवढ्यात ३३० कॅलरी आणि ११ ग्रॅम प्रथिनं. मी हे पहिल्यांदा एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात शिकले तेव्हा वहीत फार मोठं काही लिहून घेतल्यासारखं वाटलं होतं. नंतर कळलं, हे तर आपलं सातूचं पीठ, शेंगदाणे घातलेलं. (गुळाबद्दल आता मत बदललंय, लहान बाळाला गोडाची सवय लावू नये असं म्हणतात. मी नावापुरताही घालत नाही. शेंगदाणे मात्र बारीक कूट करूनच, अख्खा दाणा घशात अडकतो.) यात कऱ्हाडच्या कुठल्याही घरात नाही असं काय आहे?

तरीही धान्य-डाळीनं सगळं भागत नाही. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधातलं लोह पुरत नाही. पालेभाजी, पिवळी फळं, दही तर हवंच, शिवाय अंडं, मासळी, मटण असलं काही रोज थोडं मिळावं असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या मार्गदर्शनात सांगितलंय. मऊ उकडलेलं नाही, चांगलं घट्ट उकडलेलं अंडं कुस्करून सहा महिन्यांपासून चालतं. पण घरात अंडी आणली तर ती कोणाच्या ताटात जातात हे आपल्याला माहीत आहे. आणि 'उष्ण पडतं' हे बाळाच्या आईला आणि मुलीलाच जास्त ऐकवलं जातं असा माझा अनुभव आहे.

तसंच उष्टावणाचं. मुलाचं सम महिन्यात, मुलीचं विषम महिन्यात, अशी रीत. त्यामुळे अनेक घरांत मुलाचं सहाव्यात होतं नि मुलीचं पाचव्यात किंवा सातव्यात. पाचवा लवकर, सातवा उशिरा. मामाच्या मांडीवर बसवून खिरीचं बोट लावायला माझा विरोध नाही, तो हौसेचा दिवस असतो. पण शरीराला सम-विषम कळत नाही. शिवाय एका घासाचा सोहळा झाल्यावर पुढचे पंधरा-अठरा महिने रोज तीन-चार वाट्या लागतात, त्यांचा सोहळा कोणी करत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ च्या आकडेवारीत, देशातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आणि पुरेसा विविध आहार मिळणारी मुलं फक्त ११ टक्के निघाली. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी. ऊस, दूध, द्राक्षं पिकवणारं हे राज्य.

आता मांडा हिशोब. पीठ करायला तीन दिवसांत मिळून चार-पाच तास. रोज तीन-चार वेळा ताजं शिजवणं. आणि भरवणं! ते तर कोणी धरतच नाही. नऊ महिन्यांचं बाळ वाटी उलथतं, तोंड फिरवतं, थुंकतं, हसतं, पुन्हा मागतं. एका खेपेला वीस-पंचवीस मिनिटं कुठेच गेली नाहीत. म्हणजे दिवसाचे एक ते पावणेदोन तास एका माणसानं फक्त या बाळापाशी बसायला हवं. पाककृतीच्या पुस्तकात साहित्य लिहितात, कृती लिहितात. हे तास लिहीत नाहीत. ते आईच्या खाती गृहीत धरलेले असतात. 'घरचं, ताजं, पौष्टिक' हे शब्द मला पटतात, मी तेच सांगत फिरते, पण त्यांच्यामागे बाईचे फुकटचे श्रम दडलेले आहेत हे न सांगता ते सांगणं म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक हंडा ठेवणं.

बाईला वेळ नाही हे सगळ्यांत आधी बाजाराला कळलं. बाळांच्या दुधाच्या आणि खाण्याच्या डब्यांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा आपल्याकडे १९९२ साली झाला, २००३ च्या दुरुस्तीनं तो आणखी कडक झाला; दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या अशा खाद्याची जाहिरातच करता येत नाही. तरी डबा घरात येतोच, कधी दुकानदाराच्या सल्ल्यानं, कधी शेजारणीच्या. २०२४ च्या एप्रिलमध्ये स्वित्झर्लंडच्या 'पब्लिक आय' या संस्थेनं दाखवून दिलं की नेस्ले कंपनीच्या भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये एका वाढणीला सरासरी जवळजवळ तीन ग्रॅम वरून घातलेली साखर होती, आणि कंपनीच्या स्वतःच्या देशातल्या तशाच खाद्यात ती नव्हती. त्यावर बराच गदारोळ झाला. पण आमच्या वस्तीवर हा डबा परवडतोच कोणाला? तिथे बाजार येतो तो पाच-दहा रुपयांच्या बिस्किटपुड्यातून.

सरकारकडून येतं ते पाकीट. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं सहा महिन्यांपासूनच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून पोषण आहाराचा हक्क दिला. हा हक्क आहे, मेहेरबानी नाही. पण पाकिटातलं मिश्रण मुलं खात नाहीत आणि ते म्हशीच्या नाहीतर कोंबड्यांच्या पुढ्यात जातं, हे मी ठिकठिकाणी पाहिलंय. ७ ऑक्टोबर २००४ ला सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला होता की अंगणवाडीच्या आहाराचं काम ठेकेदारांना देऊ नये, गावातले बचत गट, महिला मंडळं यांच्याकडून धान्य घेऊन शिजवून घ्यावं. महाराष्ट्रात २०१६ साली या कामाच्या निविदांना अशा अटी घातल्या गेल्या की लहान बचत गट दारातच अडावेत. २०१९ च्या फेब्रुवारीत न्यायालयानं ते सगळं रद्द केलं. मोठ्या ठेक्यांच्या कागदांवर 'महिला' हा शब्द असतो. पीठ दळणाऱ्या, भाजणाऱ्या हातांपर्यंत तो पैसा पोचतो का, हा प्रश्न आपण विचारत राहिला पाहिजे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी मुलं शाळेपर्यंत येत नाहीत म्हणून शाळाच मुलांच्या अंगणात नेली होती. अन्नाचंही असंच अंगणात व्हायला काय हरकत आहे?

अंगणवाडी ताईंना यात दोषी धरू नका. वजनं, नोंदी, मोबाईलमधली माहिती, वर पोषण महिन्याच्या रांगोळ्या, आणि हे सारं 'मानधना'वर. त्याच मानधनासाठी आणि हक्कांसाठी ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यभरातल्या ताई संपावर होत्या.

आणि गावाच्या कडेला याहून कठीण आहे. गळीत हंगामात कराडच्या आसपासच्या शिवारात ऊसतोडीच्या कोप्या उभ्या राहतात. तिथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. पहाटेच्या थंडीत बाई फडात उतरते, तान्हं बाळ पाचटावर नाहीतर गाडीखालच्या झोळीत. अंगणवाडीत नाव गावाकडे, बाळ इथे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात निदान एवढं तरी लिहिलं होतं की कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असतील तर एका बाईनं ती सांभाळावी आणि तिला त्याची मजुरी मिळावी. मूल सांभाळणं हे मजुरीचं काम आहे असं सरकारी कागदानं मान्य केलं होतं, ही मला त्या कायद्यातली फार मोठी गोष्ट वाटते. फडावर ते कोण मान्य करणार? मुकादम उचल देतो ती कोयत्याला देतो, झोळीला नाही.

स्पर्धेनंतर आठ दिवसांनी मी त्या घरी गेले. आधी आजींची माफी मागितली. त्या हसल्या. "ताई, बिस्किटाला चूल लागत न्हाई," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनीच सांगितलं की त्यांच्या लेकरांना त्या जात्यावर सातू दळायच्या. तिथून पुढचं सोपं होतं. कोरडी भाजलेली, बारीक दळलेली सातू गरम पाण्यात कालवली की खायला तयार. तिला फार शिजवणं नको. सून सकाळी थर्मासमध्ये उकळतं पाणी भरून ठेवते. आजी बसल्या जागी ताजं कालवतात, त्यात केळं कुस्करतात, आणि भरवतात. बिस्किटाइतकाच वेळ लागतो. पीठ आता गल्लीतल्या पाच घरांचं मिळून पंधरा दिवसांतून एकदा, रविवारी होतं. पाचांपैकी एका घरातला बाप रात्रीची वाटी स्वतः भरवतो. उरलेल्या चार घरांतले बाप गिरणीवर डबा नेऊन देतात, तिथवरच त्यांची धाव. तेही महिनाभर कुरकुर केल्यावर.

हे पाच घरांचं झालं. दिवसाचे दहा तास आजीही नसलेल्या बाळाचं काय? २०२२ पासून 'पाळणा' नावाची केंद्राची योजना आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोय तिच्यात आहे. मलकापुरात महामार्गाच्या कडेनं, जिथे बाया हॉटेलांत आणि दुकानांत राबतात, तिथे असं पाळणाघर असावं, त्यात बाळांचं खाणं वस्तीतल्याच बचत गटानं करावं आणि भरवणाऱ्या बाईला त्याचे पैसे मिळावेत, असा अर्ज आम्ही लिहायला घेतला आहे. सह्या गोळा करताना कळतंय की सर्वांत आधी सही करतात त्या आज्या.

एक अडचण अजून सुटलेली नाही. पावसाळ्यात इकडे आठ-आठ दिवस ऊन पडत नाही आणि मोडाच्या नाचणीला बुरशी येते. पंख्याखाली वाळवून मग तव्यावर मंद शेकायचा एक प्रयोग चालू आहे. कोकणातल्या, घाटावरच्या मैत्रिणी हे कसं करतात? पुढच्या अंकासाठी जरूर लिहा. पण नुसती कृती पाठवू नका. किती वेळ लागतो आणि भरवतं कोण, हेही त्यात हवं.